वाटी, चमचा आणि कोरड्यास : घाईतल्या भाजीचा इतिहास कुठे शोधायचा?

मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, तुमचा विषय स्वयंपाक आहे ना? मग संदर्भ कुणाचा देता, आईचा?" ती चेष्टेनंच म्हणाली, पण प्रश्न खरा आहे. संशोधन समितीपुढे पहिल्यांदा आराखडा मांडला तेव्हा मलाही जवळपास हेच विचारलं गेलं होतं, फक्त जरा जड शब्दांत. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, म्हणून हा लेख. तुमच्यापैकी ज्यांना रोजच्या जगण्यातला विषय घ्यायचाय आणि "याला साधनं कुठून आणणार?" या प्रश्नानं जे थबकलेत, त्यांनी वाचावा.

माझा भाग सातारा आणि सांगली. माझा प्रश्न वरवर अगदी साधा आहे: पटकन होणारी, साधी, घरची भाजी ही कल्पना कधीची? तुम्ही रोज बघता, "आजच्या धावपळीच्या जीवनात" अशी सुरुवात असते आणि मग दहा मिनिटांत होणारी पालकाची भाजी येते. या वाक्यात एक इतिहास गृहीत धरलेला आहे. पूर्वी धावपळ नव्हती, बायकांना वेळच वेळ होता, आणि घाई ही आपल्या पिढीला लागलेली गोष्ट आहे. कुणी तपासलंय हे? मी तपासायला निघाले आणि पहिली दोन वर्षं चुकीच्या जागी शोधत बसले. ती चूकही सांगते, कारण ती तुम्हीही करणार आहात.

मी सुरुवात केली 'रुचिरा'पासून. साहजिकच आहे. कमलाबाई ओगले मूळच्या आमच्याच भागातल्या, कुंडलच्या, आणि लग्नानंतर सांगलीच्या ओगल्यांच्या घरात आलेल्या. शाळा जेमतेम चार इयत्ता. त्यांचं पुस्तक किर्लोस्कर प्रेसनं १९७० साली काढलं आणि त्याच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. मराठी घरात लग्न झालेल्या मुलीला आहेरात 'रुचिरा' मिळणं ही एक रीतच होऊन बसली. मी काय केलं, तर त्यातल्या पदार्थांची यादी केली. पालेभाज्या किती, फळभाज्या किती, उसळी किती, गोडाचे किती. मोठा तक्ता झाला, रंगीत आलेख झाला. मार्गदर्शकांनी तो बघितला आणि विचारलं, "यावरून काय कळलं?" काहीच कळलं नव्हतं. पुस्तकात काय आहे ते कळलं होतं, बस.

पाककृतीचं पुस्तक इतिहासाचं साधन म्हणून वाचायचं तर पदार्थांकडे नंतर बघा, आधी मापांकडे बघा. हे मला फार उशिरा सुचलं.

'रुचिरा'चं माप आहे वाटी आणि चमचा. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण १९७० च्या आधीची वीस वर्षं डोळ्यांसमोर आणा. घरात शेर, पायली, चिपटं, मापटं, तोळा, छटाक चालत होते. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनमापं आली आणि १९६२ पर्यंत बाजारात किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. म्हणजे सासूच्या तोंडी शेर, दुकानदाराच्या तागडीत किलो, आणि सून मध्ये. अशा वेळी वाटी हे फार हुशारीचं माप आहे. वाटी प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक घरातली वेगळी असते. तरी बिघडत नाही, कारण तिथं वजन नसतं, प्रमाण असतं. एक वाटी डाळीला इतक्या वाट्या पाणी. तुमची वाटी लहान असेल तर भाजी थोडी होईल, पण बिघडणार नाही. कायद्यानं माप बदललं तरी या पुस्तकाला त्याची झळ लागली नाही.

आता पुढचा प्रश्न. माप कुणाला लागतं? जिच्या शेजारी उभं राहून "एवढं घाल, बास" म्हणणारं कुणी आहे तिला लागत नाही. माप लागतं ते पुण्या-मुंबईत दोन खोल्यांत राहणाऱ्या, सासू सांगलीला आणि आई कऱ्हाडला असलेल्या मुलीला. कदाचित ती नोकरीला जात असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि प्रबंधातही मी तसंच लिहिलंय. पण तर्काला आधार आहे. त्याच भागातल्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून 'किर्लोस्कर' आणि १९३० पासून 'स्त्री' ही मासिकं निघत होती. ही वाडी म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर वसवलेली, कुंडल स्टेशनाजवळची. जिथं लोखंडी नांगर ओतले जात होते, तिथंच शिकलेल्या मराठी बाईनं काय वाचावं हेही छापलं जात होतं. 'रुचिरा' आली तेव्हा असं छापील मार्गदर्शन वाचणारा वाचकवर्ग चाळीस वर्षांपासून तयार होत आला होता.

इथपर्यंत छान चाललं होतं. घाई म्हणजे शहर, विभक्त कुटुंब, नोकरी. प्रकरण लिहूनही झालं. मग मी खटाव तालुक्यात एका गावात गेले आणि ते प्रकरण मोडलं.

त्या आजी सत्तरीच्या पुढच्या. मी रेकॉर्डर लावला आणि शिकल्याप्रमाणे विचारलं, "आजी, तुमच्या तरुणपणी भाजी कशी करत होता? कृती सांगा." त्या हसल्या. "कसली कृती? घ्यायची आन् टाकायची." मग विचारलं, वेळ किती लागायचा. त्यांना प्रश्नच कळेना. शेवटी म्हणाल्या, "भाकरी थापता थापता कोरड्यास हुतंय की." मी वहीत लिहिलं: वेळ, माहीत नाही. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्यांनी वेळ अगदी नेमका सांगितला होता. सात-आठ भाकरी होईपर्यंत. मला घड्याळातला वेळ हवा होता, म्हणून ऐकू आला नाही.

'कोरड्यास' हा शब्द धरून ठेवा. पुण्याकडच्या वाचकाला तो माहीत नसेल. कोरड्या भाकरीला लावून खायचं ते कोरड्यास. मग ती पातळ भाजी असो, डाळ-वांगं असो, हुलग्याचं असो. तसाच दुसरा शब्द 'माळवं'. वांगी, दोडका, गवार, भेंडी, शेतामळ्यातली भाजी म्हणजे माळवं. हे दोन शब्द मी पाककृतीच्या पुस्तकांत शोधत बसले होते. गावात ते रोजचे आहेत, पुस्तकांत मला भेटले नाहीत. तुम्ही कुठलाही विषय घ्या, त्या भागात त्या गोष्टीला काय म्हणतात ते आधी विचारा. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) टेबलावर ठेवा, पण कोशाच्या आधी माणसांना विचारा. चुकीचा शब्द घेऊन दप्तरात गेलात तर रिकाम्या हातानं परत याल आणि म्हणाल, साधनंच नाहीत.

दप्तरावरून आठवलं, आमच्या भागात काम करणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. १८८५ चं सातारा गॅझेटिअर उघडलंत तर त्यात तासगाव, वाळवा, खानापूर भेटतील, जे आज सांगली जिल्ह्यात आहेत. सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थानं, ती तेव्हाच्या सातारा जिल्ह्याबाहेर. कमलाबाईंचं कुंडल औंध संस्थानात. १९४९ साली सातारा फुटून दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. म्हणून "सांगली जिल्ह्यातला एकोणिसाव्या शतकातला आहार" असं शीर्षक लिहायच्या आधी नकाशा काढा. त्या नावाचा जिल्हाच नव्हता. मी असं शीर्षक लिहून दिलं होतं. असो.

गॅझेटिअरमध्ये खाण्याबद्दल मिळतं, पण कसं? जातवार. अमक्या जातीचं घर असं, कपडे असे, खाणं असं. कुणब्यांच्या वाट्याला ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी, मिरची, कांदा. एवढंच. कोण करतं, किती वेळात, हा प्रश्न लिहिणाऱ्या साहेबाला पडलेलाच नाही. शेतसारा ठरवणाऱ्याला पीक मोजायचं असतं, चुलीपुढचे तास नाही.

मग ते तास कुठं मोजायचे? मी परत खटावला गेले. या वेळी कृती विचारली नाही, वेळही विचारला नाही. दिवसाचा क्रम विचारला. उठल्यापासून काय काय. आणि चित्र एकदम उघडलं. पहाटे अंधारात जातं. मग पाणी, शेण, झाडलोट. भाकरी, कोरड्यास. मग भांगलायला. दिवस मावळताना घरी. भाजी बहुतेकदा त्या भांगलणीतूनच आलेली असायची. तण काढताना तांदुळजा, घोळ, चाकवत वेगळा काढून ओट्यात टाकायचा. म्हणजे बाजाराला वेगळा वेळ नाही, पैसे तर नाहीतच. घरी आल्यावर पाला धुवून चिरायचा, तव्यात चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वर पाला, मीठ, उतरवताना दाण्याचं कूट. वांगी किंवा दोडका असेल तर झाकणाच्या ताटात पाणी ओतून ठेवायचं. वाफ वर जाऊन ताटाला लागते, थेंब परत भाजीत पडतात, भाजी करपत नाही आणि राखायला कुणी लागत नाही. तेवढ्यात भाकऱ्या होतात.

बघा, ही आजच्या कुठल्याही "झटपट पौष्टिक" यादीत शोभेल अशी भाजी आहे. तेल कमी, पाला ताजा, दहा-पंधरा मिनिटं, एक भांडं. पण ती अशी का होती? आरोग्याचा विचार करून नव्हे. भाजी झटपट होती, कारण बाकी सगळं झटपट नव्हतं. पाच-सहा माणसांच्या भाकरीचं पीठ रोज हातानं दळायचं. त्या दळण्यात पहाट जात होती. जात्यावरच्या ओव्यांचा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केलेला संग्रह लाखाच्या वर गेला आहे. मी त्या ओव्यांकडे आधी भावना म्हणून बघत होते. आता मी त्यांच्याकडे हजेरीपत्रक म्हणूनही बघते. इतक्या ओव्या रचायला आणि गायला जितकी पहाट लागली, तितकी पहाट दळण्यात गेली होती. सातारा-सांगलीच्या स्वयंपाकात सगळ्यात मोठा बदल कुठल्या पाककृतीनं केलेला नाही. तो गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी झाला. माझ्या मुलाखतींतल्या बहुतेक बायकांना लग्नाची तारीख सांगता येत नाही, पण गिरणी कधी आली ते "माझ्या थोरल्याच्या वेळी" असं बरोबर सांगता येतं.

एक सावधगिरीची गोष्ट. यातून "आपलं जुनं अन्न किती सकस होतं" असा गोड निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला. मग मी विचारलं, कोरड्यास संपलं तर कोण काय खायचं? उत्तर सगळीकडे एकच: बाप्ये आधी, पोरं मग, बाई शेवटी, खर्डा-भाकरी. भांडं सकस होतं, पण त्यातलं शेवटी बसणारीच्या ताटात किती पडलं, हा वेगळा प्रश्न आहे. तो लिहिला नाही तर संशोधन न होता जाहिरात होते.

याच जिल्ह्यांतली दोन उदाहरणं मी प्रबंधात शेजारी शेजारी ठेवली आहेत, कारण दोन्हीत स्वयंपाक घराबाहेर आला.

पहिलं मुंबईचं. सातारा-सांगलीकडचे पुरुष गिरण्यांत गेले, बायकोपोरं गावी. पाळीची वेळ ठरलेली, खोलीत दहा-वीस जण, चूल कोण पेटवणार? त्यांना जेवू घातलं खानावळवाल्या बायकांनी. या बायका स्वतः गिरणगावातल्याच, बऱ्याच जणी कामगारांच्याच घरातल्या. महिन्याच्या शेवटी पैसे येईपर्यंत किराणा उधार, सावकाराचं व्याज वर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते यांच्यासाठीच. बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. 'रुचिरा' येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. एकाच दशकात एक पुस्तक घाईतल्या सुनेला वाटी-चमच्याचं माप देत होतं, आणि दुसरीकडे घाईतल्या कामगाराची भाकरी-भाजी करणारी बाई आपल्या कामाला काम म्हणा असं सांगत होती. या दोन गोष्टी एकाच इतिहासात बसवता येतात का, हे माझं चौथं प्रकरण आहे. अजून बसलेल्या नाहीत.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं, आणि खरं सांगायचं तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एका पंगतीला बसणार. लक्ष्मीबाई पाटलांनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याग म्हणून ऐकली. पण जरा थांबून विचारा, मंगळसूत्र कशासाठी मोडावं लागलं? मुलांच्या पोटाला घालण्यासाठी. पुस्तकं नंतर, इमारत नंतर. शिकणारा मुलगा हाही वेळ नसलेला माणूस, आणि त्याच्या ताटात रोज साधंच का होईना काहीतरी पडलं पाहिजे, ही या संस्थेपुढची रोजची अडचण होती.

आणि त्या साध्या ताटात जे होतं ते कुठल्याही पाककृतीत लिहिता येत नाही. भाकरी-भाजी तीच, जी मुलांच्या घरी होती. पण घरी ती जातीच्या चुलीवर शिजत होती, इथं एका चुलीवर. १९२० च्या दशकातल्या साताऱ्यात कुणी कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या शेजारी बसून खायचं, हे ठरलेलं होतं. त्या काळात एका भांड्यातून वाढणं ही धोक्याची गोष्ट होती. कमलाबाईंचं पुस्तक एका घराचा स्वयंपाक हजारो घरांत नेतं, तेही मोठं काम. पण त्यात पंगतीचा प्रश्न येत नाही. बोर्डिंगमध्ये पदार्थ नवा नव्हता, पंगत नवी होती. म्हणून म्हणते, पदार्थांच्या याद्या करत बसू नका. मी दोन वर्षं केल्या.

आता वर्तमानाकडे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसतात, पुरुषांची ९७. (याआधीचं, १९९८-९९ चं सर्वेक्षण सहा राज्यांपुरतं होतं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. तुलना करायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा, नाहीतर मुलाखतीत अडकाल.) २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. जातं गेलं, चूल गेली, कुकर आला, मिक्सर आला, तरी पाच तास. मग ही मिनिटं जातात कुठं?

याचा एक छोटासा भाग मला खटावच्या त्याच आजींनी दाखवला. तिसऱ्या भेटीत त्यांनी मला रिकामं बसू दिलं नाही. "ये पोरी, नुसती काय बघतीस," म्हणून मेथीची मोठी जुडी पुढ्यात टाकली. मी निवडायला बसले आणि सवयीनं फोनवर घड्याळ लावलं. माती झटकून, पिवळी पानं काढून, कोवळे देठ ठेवून जाड टाकून, तीन पाण्यांतून काढेपर्यंत छत्तीस मिनिटं झाली. फोडणीपासून उतरवेपर्यंत अकरा. तुम्ही आता कुठलीही पाककृती काढून बघा. छापील, फोनवरची, कुठलीही. ती "मेथी निवडून, धुवून घ्यावी" इथून सुरू होते. म्हणजे छत्तीस मिनिटं साहित्याच्या यादीत गेली आणि अकरा मिनिटं कृतीत. "झटपट" लिहिणारा खोटं बोलत नाही, तो घड्याळ उशिरा लावतो. आज कऱ्हाड-सांगलीच्या बाजारातही निवडलेली भाजी पिशवीत मिळते. ती कुणीतरी कुठंतरी बसून निवडलेली असते, बहुतेक बाईनंच, आणि तिच्या मजुरीवर मला अजून एकही ओळ छापलेली सापडलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी मदत करीन.

सुरुवातीला करून बघायला एक काम देते, पैसे लागत नाहीत. एक दिवस घरातल्या एका भाजीच्या मागे बसा. भाजी कुणी आणली, कशी आणली, कुणी निवडली, कुणी चिरली, कुणी शिजवली, कुणी वाढली, कुणी शेवटी खाल्ली, भांडं कुणी घासलं. प्रत्येकापुढे वेळ आणि नाव. स्वतःचं नाव किती ठिकाणी आलं तेही प्रामाणिकपणे लिहा. कृती लिहू नका.

निघताना आजींनी मला विचारलं होतं, "आन् तुज्याकडं कोण करतं गं?" मी म्हणाले, होस्टेलला मेस आहे. "मेसला कोण करतं?" मला सांगता आलं नाही. पाच वर्षं तिथं जेवतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारलं. दोघी जणी आहेत, पहाटे साडेचारला येतात. एक तासगावची आहे.